मुस्तफा कुठे गेला?

या सदराकडे एरवी सेट-टॉप बॉक्सची, इन्व्हर्टरची, नाहीतर ‘आवाज येतो पण चित्र येत नाही’ अशी पत्रं येतात. आमचं दुकान घंटाळीजवळ, टीव्ही दुरुस्तीचं, त्यामुळे ते साहजिक आहे. मागे एकदा जाता जाता लिहिलं होतं की लग्नाआधी मी चरईत मामाच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात गल्ल्यावर बसायचे. तेवढ्या एका ओळीवर पत्रांचा गठ्ठा आला. जुने गेम आता नव्या यंत्रांवर संच करून परत मिळतात आणि चाळिशी ओलांडलेली निम्मी ठाणेकर मंडळी ते विकत घेऊन पस्तावल्यासारखी दिसतात. काहींच्या शंका खऱ्या आहेत. काहींना नुसतं कुणाशी तरी बोलायचं आहे. दोन्ही चालतं.

प्रश्न: ताई, मुलाच्या निमित्ताने घरात प्लेस्टेशन आणलं. त्यावर कॅपकॉमच्या जुन्या मारामारीच्या गेमचा संच माझ्यासाठी घेतला. सात गेम आहेत. फायनल फाइट आहे, कॅप्टन कमांडो आहे, पण मुस्तफा नाही! सेटिंगमध्ये कुठे लपवलाय का? (एक वाचक, कोपरी)

उत्तर: लपवलेला नाही दादा, दिलेलाच नाही. तुम्ही एकटे नाही आहात. या एकाच प्रश्नाची इतकी पत्रं आहेत की बाकीच्यांनी हेच उत्तर आपलं समजावं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: ‘मुस्तफा’ म्हणजे कॅपकॉम या जपानी कंपनीचा १९९३ सालचा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. खेळायला जॅक, हॅना, मुस्तफा आणि मेस असे चौघे. आमच्या दुकानात जॅक घेणारा म्हणजे ज्याचा नंबर शेवटी लागला तो. मुस्तफा चपळ, म्हणून त्याच्यावरून भांडणं व्हायची आणि गेमला नावही त्याचंच पडलं. यंत्रावर इंग्रजीत काय लिहिलंय ते कुणी वाचलंच नाही.

तो न येण्याचं कारण त्या इंग्रजी नावातच आहे. गेमचा प्रोग्राम कॅपकॉमचा, पण माणसं, डायनोसॉर आणि कथा मार्क शुल्त्झ या अमेरिकन चित्रकाराच्या ‘झेनोझोइक टेल्स’ या कॉमिकमधली. वर ‘कॅडिलॅक’ हे नाव जनरल मोटर्सच्या गाडीचं. अशी नावं भाडेकरारासारखी मुदतीवर घेतलेली असतात. मुदत संपली की ज्याने गेम बनवला त्यालाही तो विकता येत नाही. मुस्तफा तर त्या काळीही घरच्या यंत्रावर आला नव्हता, फक्त दुकानातल्या उभ्या कपाटात होता. २०१८ मध्ये कॅपकॉमने तुमच्याकडचा संच काढला तेव्हा त्यात फायनल फाइट, किंग ऑफ ड्रॅगन्स, कॅप्टन कमांडो, नाइट्स ऑफ द राउंड, वॉरिअर्स ऑफ फेट, आर्मर्ड वॉरिअर्स आणि बॅटल सर्किट घेतले. मुस्तफा बाहेर राहिला, आणि मुस्तफाच्याच वर्षीचा, १९९३ चा ‘पनिशर’ही बाहेर राहिला.

पण अगदीच आशा सोडू नका. वॉरिअर्स ऑफ फेटसुद्धा एका जपानी कॉमिकवरचाच आहे आणि तो संचात आहे. पनिशर मार्व्हलचा, तो २०२४ मध्ये मार्व्हल आणि कॅपकॉमच्या लढतींच्या संचातून परत आला. म्हणजे करार होऊ शकतात. फक्त कुणीतरी बसून पैसे मोजून ते करायला हवेत, आणि ठाण्यातल्या चाळिशीतल्या माणसांसाठी ते कोण करणार, हा प्रश्न आहेच.

तोवर काय खेळायचं? फायनल फाइटने सुरुवात करू नका, तो तुम्हाला जड वाटेल. त्यात धावता येत नाही. मुस्तफा खेळलेल्याचा अंगठा सवयीने दोनदा पुढे दाबतो आणि पात्र ढिम्म चालत राहतं. कॅप्टन कमांडोमध्ये दोनदा दाबलं की पळतं. शिवाय त्यात रोबोटमध्ये बसून मारामारी करणारं एक बाळ आहे. आमच्याकडे त्याला कुणी घ्यायचं नाही, लाज वाटायची. घरात लाजायला कोण आहे? ते बाळ जबरदस्त आहे. मग बॅटल सर्किट बघा. १९९७ चा, आपल्याकडच्या दुकानांत फारसा न पोचलेला. त्यात मारामारीतून मिळालेल्या नाण्यांवर दोन स्टेजच्या मधे नवे डाव विकत घेता येतात, आणि पात्रांत शहामृगावर बसलेली एक पोरगी आहे. मामाला हा मिळाला असता तर दुकान आणखी दोन वर्षं चाललं असतं असं मला उगाच वाटतं.

प्रश्न: कॉन्ट्राचा संच घेतला. लहानपणी डोळे मिटून खेळायचो, आता पहिल्या स्टेजच्या पुलावरच लाईफ जातात. गेमचा स्पीड वाढवलाय असं मला खात्रीने वाटतं. बायको म्हणते, तुमचं वय वाढलंय. खरं काय? (वर्तकनगर)

उत्तर: दोघंही बरोबर आहात, पण तुम्ही जास्त.

आपल्या घरी ‘टीव्ही गेम’ म्हणून जे यायचं ते निन्टेंडोच्या फॅमिकॉम यंत्राची नक्कल असायचं. कॅसेट पिवळी नाहीतर काळी, आत फुंकर मारून बसवायची. मूळ यंत्र जपानचं आणि तिथल्या टीव्हीवर सेकंदाला ६० वेळा चित्र बदलायचं. कॉन्ट्रा लिहिणाऱ्यांनी हिशेब त्यावरच बसवलेला: प्रत्येक चित्राला माणूस इतका पुढे, गोळी इतकी पुढे. आपल्याकडची टीव्हीची पद्धत पाल, म्हणजे सेकंदाला ५०. पालसाठी जुळवलेल्या नकली यंत्रात तोच कॉन्ट्रा ६० ऐवजी ५० पावलं टाकायचा. म्हणजे जे एका सेकंदात घडायला हवं त्याला १.२ सेकंद लागायचे. संगीतसुद्धा त्याच मापाने संथ व्हायचं. तुमच्या कानात बसलेली पहिल्या स्टेजची धून मुळातच रेंगाळलेली आहे.

आत्ताचा संच मूळ वेगाने चालतो. तुमच्या आठवणीतल्यापेक्षा तो वीस टक्के वेगवान आहे. कुणी वाढवलेला नाही. पूर्वीच कमी होता.

दुसरं कारण आमच्या धंद्यातलं. जुन्या डबड्या टीव्हीत सिग्नल येईल तसा काचेवर उमटायचा, मधे कुणी विचार करणारा नव्हता. सपाट टीव्ही आलेलं चित्र आधी धरून ठेवतो, धार काढतो, रंग चढवतो, हालचाल गुळगुळीत करतो आणि मग दाखवतो. सिनेमा बघताना कळत नाही. कॉन्ट्रात तुम्ही उडीचं बटण दाबता आणि माणूस किंचित उशिरा उडतो, तोवर पूल पायाखालून फुटलेला असतो. लोक कंट्रोलर खराब म्हणून दुकानात घेऊन येतात. आम्ही रिमोट मागतो. पिक्चरच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ असतो, तो चालू करा. टीव्ही ही सगळी कलाकुसर बंद करतो आणि फरक लगेच बोटाला लागतो. हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग वेगळं असेल तर तेही बंद.

तिथेच असताना चित्राचा आकारही बघा. हे गेम चौकोनी टीव्हीसाठी आहेत, चाराला तीन. बाजूच्या काळ्या पट्ट्या डोळ्याला खटकतात म्हणून लोक चित्र ताणतात आणि कॉन्ट्राचा हिरो बिल रायझर आडवा सुटलेला दिसतो. पट्ट्या राहू द्या. आणि गर्दी झाली की माणसं लुकलुकतात, हा बिघाड नव्हे. त्या यंत्राला एका आडव्या ओळीत आठच तुकडे दाखवता यायचे, नववा आला की आळीपाळीने दाखवावं लागायचं. संचवाल्यांनी ते जसंच्या तसं ठेवलंय, मला ते आवडतं.

राहिलं वय. वहिनींना सांगा, त्याचा नंबर तिसरा.

प्रश्न: तीस लाईफची ट्रिक नव्या संचात चालते का? भावाशी पैज लागली आहे. (कळवा)

उत्तर: चालते. घरच्या यंत्रावरची अमेरिकन आवृत्ती निवडा आणि सुरुवातीच्या पडद्यावर वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, बी, ए, मग स्टार्ट. ही युक्ती काझुहिसा हाशिमोतो या प्रोग्रामरची, कॉन्ट्रा काढणाऱ्या कोनामी कंपनीतल्या. १९८६ मध्ये कोनामीचाच ‘ग्रेडियस’ हा गेम घरच्या यंत्रासाठी तयार करताना तो त्यांना स्वतःलाच इतका अवघड गेला की तपासणीसाठी त्यांनी ही घालून ठेवली, आणि ती आत राहून गेली. पैज कितीची होती ते लिहिलं नाहीत.

प्रश्न: माझी मुलगी बारा वर्षांची. मी कौतुकाने तिला फायनल फाइट लावून दिला. मेली की बटण दाबायची, परत उभी. जेवायच्या आत गेम संपवला आणि म्हणाली, ‘बाबा, एवढंच?’ मला काय बोलावं सुचेना. आम्ही तर तिसरा बॉस बघायला महिने घालवले होते. संचांत आता सेव्ह आहे, काहींत मागे नेण्याचीही सोय आहे. याने खेळाची वाट लागत नाही का? (ऐरोली)

उत्तर: मुलीने बरोबर ओळखलं. कंटिन्यू फुकट असेल तर फायनल फाइट एवढाच आहे.

मी गल्ल्याच्या बाजूने हा गेम बघितलाय, म्हणून सांगते. तो खेळणाऱ्यासाठी जितका लिहिलाय तितकाच मामासाठीही लिहिलाय. कपाटाचं मागचं दार उघडलं की आत बोर्डावर बारीक पांढरे खटके असायचे. अवघडपणा किती, लाईफ किती, एका टोकनला क्रेडिट किती, सगळं त्या खटक्यांवर. मामा मे महिन्याच्या सुट्टीत खटके एका बाजूला करायचा आणि शाळा उघडली की दुसऱ्या. पोरं म्हणायची, ‘आज बॉस पिसाळलाय.’ मी मान खाली घालून सुटे मोजायचे.

आणि तुम्हाला तो कंटिन्यूचा पडदा आठवतो? तुमचा माणूस बांधून ठेवलेला, समोर डायनामाइट, वात जळतेय, वर आकडे उतरतायत. त्या वातीने मामाला जेवढे पैसे मिळवून दिले तेवढे कुठल्या बॉसने दिले नसतील. ज्याने ‘आज एकच टोकन’ असं आईला कबूल केलेलं असायचं तो आकडा तीनवर आला की धावत गल्ल्यावर. सुटे देताना उशीर केला तर शिव्या मला.

याच्या उलट बाजूला पोरांचं डोकं. चरईतल्या एकाने शोधलं होतं की ‘कोडी’ किंवा ‘गाय’ (Guy) यांपैकी एक पात्र घेऊन दोन ठोसे मारायचे, तिसरा तोंड फिरवून हवेत, परत वळून दोन ठोसे. गेमला वाटतं मालिका नव्याने सुरू झाली, समोरचा पडतही नाही आणि सुटतही नाही. भल्याभल्या बॉसना त्याने असं कोपऱ्यात धरून संपवलं. एका टोकनवर इतका वेळ यंत्र अडवलं की मामाने सरळ पाटी लावली: ‘वळून मारू नये.’ जगात अशी पाटी दुसरीकडे कुठे लागली असेल असं मला वाटत नाही.

हे सगळं सांगण्याचं कारण, तुम्ही महिने घालवलेत ते गेम लांब होता म्हणून नव्हे. गेम पूर्वीही एका बैठकीचाच होता. तुमच्याकडे टोकन नव्हतं. एक रुपयात तिसऱ्या बॉसपर्यंत पोचायचं तर प्रत्येक पिंपात कोंबडी आहे की नुसता खाऊ हे पाठ असावं लागायचं, जोरकस फिरकी मारली की स्वतःची पॉवर जाते म्हणून ती राखून ठेवावी लागायची, गर्दी एका बाजूला हाकावी लागायची. ते सगळं शहाणपण टोकन नसण्यातून आलेलं. संच आणला की गिऱ्हाईकही तुम्ही आणि मालकही तुम्ही. मग मालकाचं काम कुणीतरी करायला नको का?

आमच्या घरी भाचरं येतात तेव्हा मी करते. एका वाटीत राजमाचे दाणे, प्रत्येकाला तीन. कंटिन्यू करायचं तर दाणा माझ्याकडे द्यायचा. दाणे संपले की उद्या. पहिल्या दिवशी रडारड झाली. नंतर थोरला दुसऱ्याला सांगताना ऐकलं, ‘फिरकी नको मारूस, पॉवर जाते.’ एवढ्यावर माझं काम झालं.

सेव्ह आणि मागे नेणं यांना मी वाईट म्हणणार नाही. कॅपकॉमने २०२१ मध्ये ‘आर्केड स्टेडियम’ नावाचा संच काढला, त्यातही फायनल फाइट आहे. मागे नेता येतं, वेगही कमी-जास्त करता येतो. आम्हाला तिसऱ्या बॉसचा सराव करायचा तर आधीचे दोन पार करून, पैसे मोजून जावं लागायचं. आता थेट त्याच्यासमोर सेव्ह करून तो कधी दांडुका चालवतो, कधी पिस्तूल काढतो हे नीट बघता येतं. सरावाला खुशाल वापरा. खरा डाव मांडला की बंद. आणि मुलीला नाइट्स ऑफ द राउंड देऊन बघा. त्यात वार अडवण्याची सोय आहे आणि ती नेमक्या क्षणी जमली तरच उपयोगाची. नुसतं बटण बडवणाऱ्याला तो गेम दाराबाहेर उभा करतो. बारा वर्षांच्या हुशार मुलीला याचा राग येईल आणि ती परत बसेल.

प्रश्न: नवरा आणि मुलगा मिळून कॉन्ट्रा खेळतात. मुलगा दुसरीत. सतत माणसं मारणं मला पटत नाही. पण त्याच संचात तोच गेम वेगळ्या नावाने दिसला, त्यात माणसांऐवजी रोबोट आहेत. हा मुलांसाठी काढलाय का? (वाशी)

उत्तर: मुलांसाठीच, पण जर्मनीतल्या. तिथे मुलांपर्यंत पोचणाऱ्या हिंसक खेळांबाबत कायदा कडक होता, म्हणून कोनामीने युरोपसाठी माणसं काढून रोबोट बसवले आणि नाव ठेवलं ‘प्रोबोटेक्टर’. स्टेज त्याच, बॉस तेच, गोळ्या तेवढ्याच. २०१९ च्या संचात सुपर निन्टेंडो आणि मेगा ड्राइव्ह या यंत्रांवरचे दोन प्रोबोटेक्टर दिलेत. मुलाला सुपर प्रोबोटेक्टर लावून द्या. दुसरा, मेगा ड्राइव्हचा, मोठ्यांनाही घाम फोडतो.

खेळू द्यायचा की नाही ते तुम्ही ठरवा, मी त्यात पडत नाही. एक मात्र बघितलंय. दोघांनी मिळून खेळायच्या गेममध्ये एक पुढे पळाला की दुसरा पडद्याबाहेर राहून मरतो, विशेषतः धबधब्याच्या स्टेजवर चढताना. बापाने थांबायला शिकावं म्हणून हा गेम उत्तम आहे.

त्याच संचात कॉन्ट्राची जपानी आवृत्तीही आहे, तुम्ही स्वतः जरूर बघा. जंगलातली झाडं हलतात, बर्फाच्या स्टेजवर बर्फ पडतो, दोन स्टेजच्या मधे नकाशा येतो. अमेरिकेला गेलेल्या कॅसेटीत हे काहीच नव्हतं.

प्रश्न: स्टेशनबाहेर दहा हजार गेमवाली काडी मिळते, टीव्हीला मागून लावायची. दोन वायरलेस कंट्रोलरसकट. मग महागडे संच कशाला घ्यायचे? (नेरूळ)

उत्तर: दहा हजार? आमच्या वेळी कॅसेटीवर ९९९९९९ लिहिलेलं असायचं आणि आत मोजके गेम, तेच फिरवून फिरवून वेगळ्या नावांनी. काडीची यादीही खाली सरकवत जा, तोच टँक परत भेटेल. हे गेम कुणाला न विचारता भरलेले असतात, हे एक. दुसरं, दुरुस्तीला येतात तेव्हा आम्ही उघडून बघतो: कंट्रोलर स्वस्तातले, दाबल्यापासून उडी मारेपर्यंत पुन्हा उशीर, वर टीव्हीचा उशीर वेगळा. काडी गरम होते ती टीव्हीच्या मागे भिंतीला चिकटून. घेतलीच असेल तर निदान छोटी वायर लावून बाहेर लोंबती ठेवा आणि टीव्हीच्या यूएसबीवर न चालवता मोबाइलचा ॲडॉप्टर वापरा, मधेच बंद पडायची थांबेल.

मिक्सरच्या कपलरबद्दलची आणि पावसाळ्यात डिश हलण्याबद्दलची पत्रं पुढच्या अंकात घेते. ती पाठवणाऱ्यांनी कृपया मॉडेलचा नंबर कळवावा.